गेथशेमाने, १ नग

त्या वर्षी मे महिन्यात मोहननगरच्या प्रार्थनाघराची
मागची भिंत रंगवायला काढली.
तुळशीराम निमजे, राहणार इतवारी,
टॉकीजांच्या बोर्डांवर हात बसलेला,
नट्यांचे गाल रंगवता रंगवता
स्वतःच्या नखांत कायमची गुलाबी राहून गेलेला माणूस.

मी अकरा वर्षांची. माझं काम
शिडीखाली बसून शास्त्र वाचून दाखवायचं.
"वाच वं पोरी. कोणते झाडं होय?"
जैतुनाची.
"पाह्यले काय तू?"
नाही.
"पास्टरनं?"
पास्टर उजागरे खोकले.

मग त्याने मातीचा रंग विचारला.
मी पानं उलटत राहिले.
देवळाची लांबी-रुंदी हातांत दिलेली,
पडद्याचा निळा, जांभळा, किरमिजी,
दारांच्या बिजागऱ्यासुद्धा सोन्याच्या,
पण ज्या बागेत तो रात्रभर तळमळला
तिथली माती काळी की मुरमाड
हे कुणीच लिहून ठेवलं नव्हतं.
"एवढं जाड पुस्तक," तुळशीराम म्हणाला, "अन् माती नाही?"

दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही.
तिसऱ्या दिवशी आला तो काटोलहून, साळ्याच्या बागेतून,
शर्टाच्या खिशात संत्र्याची फांदी.
बाग ताणावर सोडलेली. महिनाभर पाणी तोडलेलं,
पानं मलूल, कडांनी वळलेली, राखेच्या रंगाची.
"पाणी तोडल्याशिवाय बहार नाही धरत झाड,"
एवढंच बोलला
आणि तेच झाड काढलं, सात वेळा.
फळ एकही नाही.

यार्देन त्याने कन्हानवरून घेतली:
वाळू फार, पाणी थोडं, पलीकडच्या काठाला डांगरवाडी.
पास्टर म्हणाले, टरबुजं पुसा.
त्याने पुसली. एक राहिलं,
बाप्तिस्मा देणाऱ्याच्या पायाशी.
दगड म्हणून आम्ही सगळ्यांनी ते चालवून घेतलं.

उरला गुलगुथा.
मी वाचलं, भर दुपारी तीन तास अंधार.
पास्टरांना ढग हवे होते, जमलं तर वीज.
तुळशीराम शिडीवरून उतरला, बाहेर गेला,
शेचाळीस डिग्रीत, डोक्याला दुपट्टा नाही,
हापशीजवळ उघड्या डोळ्यांनी उभा राहिला
आणि धावत आत आला.
"दिसला. काया नाही वं, हिरवा होय. मधात जांभळे ठिपके."
तीन दिवस तो तोच अंधार लावत होता,
उन्हातून घरात शिरलेल्या माणसाच्या डोळ्यांतला,
क्षणभरच असतो, पण तेवढ्यात
समोर उभी असलेली आईसुद्धा दिसत नाही.

आता त्या भिंतीवर फ्लेक्स आहे.
यरुशलेमचा खराखुरा फोटो, सोनेरी घुमटासकट,
जो तेव्हा नव्हताच.
खाली देणगीदारांची नावं, कोपऱ्यात छापणाऱ्याचा मोबाइल नंबर.
माझा भाऊ प्रभुदास टूरवर जाऊन आला,
बाटलीत यार्देनचं पाणी आणलं.
मी विचारलं, माती कशी आहे रे तिथली?
म्हणाला, बसला एसी होता, लक्ष नाही गेलं.

परवा आईच्या शास्त्रात, जुन्या करारात कुठेतरी,
घडी घातलेलं बिल सापडलं.
बेथलेम, गोठ्यासह: साठ रुपये
यारदन नदी, लहान: चाळीस
गेथशेमाने, १ नग, झाडं ७: पंचाहत्तर
गाढव: दहा
डोंगर, क्रूस ३: पन्नास
अंधार: आणि पुढे नुसती रेघ.
एकूण दोनशे वीस.

ते बिल तेव्हा मीच नेऊन दिलं होतं.
पाचवीत होते, गणितात पहिली.
व्हरांड्यातून टेबलापर्यंत जाईतो
माझी बेरीज झाली होती.
पास्टरांचीही झाली असणार,
ते बोटं हलवत होते.
मग त्यांनी बोटाला थुंकी लावून
दोनशे वीस मोजून दिले.